बंद कारखान्याच्या जागेचे शुद्धीकरण: एका सल्लागार सेवेचे परीक्षण

धातूच्या सुट्या भागांवर क्रोमचा मुलामा चढवणारा एक कारखाना बंद पडल्यावर त्याची जागा आमच्याकडे आली. तिच्यावर काहीही बांधण्याआधी माती आणि भूजल यांतील प्रदूषण दूर करण्याचा आराखडा करून घेणे भाग होते. त्यासाठी ज्या सल्लागार संस्थेची सेवा आम्ही घेतली तिचे नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही येणार आहे. या संस्थेला काम द्यावे का, असे कोणी विचारले तर मी होय म्हणेन. मात्र तपासाचे काम तिच्यावर निर्धास्तपणे सोपवावे आणि आराखड्याची शेवटची प्रकरणे डोळ्यांत तेल घालून वाचावीत.

पहिला बोअर घेण्यापूर्वी संस्थेने बराच काळ कागदपत्रांत घालवला, तेव्हा आमचा धीर सुटत चालला होता. जुने नकाशे, रसायनांच्या खरेदीच्या नोंदवह्या आणि सांडपाण्याच्या गटारांचे आराखडे पाहून झाल्यावर त्यांनी निवृत्त कामगारांना जागेवर बोलावले. त्यांतल्या एकाने नकाशावर सायकल स्टँड म्हणून दाखवलेल्या कोपऱ्याकडे बोट करून सांगितले की, शेड वाढवण्याआधी भागांवरचे तेल काढण्याची टाकी तेथे होती. ट्रायक्लोरोएथिलीन या द्रावकाचे सर्वाधिक प्रमाण पुढे त्याच कोपऱ्यात आढळले.

प्रत्यक्ष खोदाईतील काळजी वाखाणण्याजोगी होती. हे द्रावक पाण्याच्या सुमारे 1.46 पट जड असल्यामुळे भूजलावर तरंगत नाही, तर खाली खाली जात चिकणमातीच्या थरावर साचते. तो थर निष्काळजीपणे भेदला तर प्रदूषणाला आणखी खोल जाण्याची वाट आपणच करून देतो. म्हणून त्यांनी वरच्या भागात आधी केसिंग, म्हणजे छिद्राची संरक्षक नळी, बसवून ते सीलबंद केले आणि मगच पुढचे छिद्र घेतले. भूजलाच्या प्रवाहाची दिशा काढण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, हे आम्हाला त्यांच्याकडूनच समजले. नमुना घेताना विहिरीतील पाणी संथपणे उपसले जाई आणि सामू व विद्युतवाहकता यांचे आकडे स्थिर झाल्यावरच बाटली भरली जाई. उडून जाणाऱ्या द्रावकासाठीची छोटी बाटली काठोकाठ भरून, झाकण लावून, उलटी करून टिचकी मारून पाहत आणि हवेचा एक बुडबुडा दिसला तरी ती बाद करून नवी भरत.

आराखड्यात प्रदूषणाचा स्रोत, त्याचे मार्ग आणि त्याची झळ पोहोचू शकणारे लोक यांची साखळी एकाच उभ्या छेदचित्रात मांडली आहे. जमिनीतून वर येणारी द्रावकाची वाफ नव्या इमारतीच्या तळमजल्यात शिरू शकते, हा आम्ही न विचारलेला मुद्दाही त्यात होता.

उपायांच्या निवडीत या संस्थेची खरी जाण दिसली. दुसऱ्या एका इच्छुक संस्थेने द्रावकाचा नाश करण्यासाठी जमिनीत परमँगनेट सोडण्याचे सुचवले होते, आणि कागदावर तो मार्ग जलदही होता. आमच्या सल्लागारांनी एका परिच्छेदात तो फेटाळला: मुलाम्याच्या कामातून जमिनीत मुरलेल्या विषारी षट्संयुजी क्रोमियमचे फेरस सल्फेटच्या साहाय्याने त्रिसंयुजी रूपात, म्हणजे फारसे न विरघळणाऱ्या आणि कमी घातक रूपात, रूपांतर करायचे, आणि त्याच जमिनीत परमँगनेटसारखा तीव्र ऑक्सिडीकारक सोडून त्यातले काही पुन्हा षट्संयुजी करून ठेवायचे, हे परस्परविरोधी ठरले असते. त्यांनी द्रावकासाठीही ऑक्सिजनविरहित परिस्थितीत काम करणारे जीवाणू निवडले.

आमची तक्रार येथूनच सुरू होते. जीवाणू ट्रायक्लोरोएथिलीनमधील क्लोरीन टप्प्याटप्प्याने काढतात आणि वाटेत व्हायनिल क्लोराइड हे सिद्ध कर्करोगकारक तयार होते. शेवटचा टप्पा पूर्ण करणारे डिहॅलोकोक्कॉइडिस गटातील जीवाणू जागेवर नसतील तर गाडी तेथेच अडकते. पहिल्या मसुद्यात हे जीवाणू आहेत असे गृहीत धरले होते, पण तपासणीची तरतूद नव्हती. त्याहून खटकले ते उद्दिष्ट: भूजलातील प्रदूषण ‘शक्य तितके’ कमी करणे. या दोन शब्दांवर कोणतेही काम केव्हाही पूर्ण झाले असे म्हणता येते आणि केव्हाही अपुरे ठरवता येते. शिवाय देखरेख उपचारानंतर लगेच आटोपती घेतली होती; चिकणमातीत मुरलेले द्रावक हळूहळू पुन्हा पाण्यात उतरते आणि खाली आलेले आकडे काही काळाने वर चढतात, हे याच संस्थेने आधीच्या प्रकरणात लिहिले होते.

मसुदा आम्ही दोनदा परत पाठवला. पहिल्या वेळी उत्तर मोघम आले; दुसऱ्या वेळी मात्र जीवाणूंची तपासणी, लहान क्षेत्रावरील प्रायोगिक उपचार, चढउतार टिपणारी लांब देखरेख आणि प्रत्येक प्रदूषकासाठी आकड्यातील उद्दिष्ट या सर्व गोष्टी आल्या. एकूण क्रोमियमसाठी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा, म्हणजे लिटरमागे 50 मायक्रोग्रॅम, धरली आहे. प्रयोग फसल्यास काय करायचे, हेही आता लिहिले आहे.

अहवालाची भाषा जड आहे आणि प्रयोगशाळेची निकालपत्रे परिशिष्टांत विखुरलेली आहेत, पण ती सर्व दिलेली आहेत. या संस्थेशी करार करणाऱ्यांनी उद्दिष्टाचे आकडे, देखरेखीची मुदत आणि पर्यायी उपाय हे पहिल्याच मसुद्यात असावेत, अशी अट लेखी घालून घ्यावी. आमच्या करारात ती नव्हती, त्यामुळे दुसऱ्या दुरुस्तीचे शुल्क आम्हाला वेगळे द्यावे लागले.