जुन्या ड्रमचं लॅकर: उजळावं की खरवडून नव्याने द्यावं?

जुन्या लाकडी ड्रमवरचं लॅकर (लाकडावरचा चकचकीत संरक्षक थर) धूसर झालं, बारीक तडे गेले, की सगळं खरवडून नव्याने फवारायचा मोह होतो. मी म्हणेन, आधी थांबा. बऱ्याच जुन्या ड्रमवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं आणि ते लॅकर थिनरमध्ये पुन्हा विरघळतं. त्यामुळे वरून दिलेला पातळ हात जुन्या थरात मिसळून एकजीव होतो, वरवरचे तडे बुजतात आणि लाकडाचे रेषे पुन्हा खोल दिसू लागतात. किती सुंदर दिसतं ते! खात्रीसाठी लग (ड्रमच्या अंगावर बसवलेला, ताणाचे स्क्रू धरणारा धातूचा भाग) काढून त्याखालच्या झाकल्या जागी थिनरचा एक थेंब लावा. थर मऊ, चिकट झाला तर हा मार्ग खुला. पॉलियुरेथेन हा दुसऱ्या प्रकारचा थर सहसा असा विरघळत नाही. मात्र जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन आधी नीट पुसा, नाहीतर नव्या थरात खळगे पडतात.

खरवडलं की मूळ रंगछटा कायमची जाते, संग्राहकांच्या लेखी किंमतही उतरते. घासताना वरचा पातळ व्हिनियर (शोभेच्या लाकडाचा पापुद्रा) आरपार जाण्याची भीती वेगळीच. पण लॅकर पापुद्र्यांनी सुटत असेल, किंवा आधीच कुणी भलताच रंग फासला असेल, तर खरवडणंच बरं.

दोन्हींत बेअरिंग एज, म्हणजे ड्रमचा पडदा जिथे टेकतो ती कड, टेपने झाका. फवारा ज्वालाग्राही आणि श्वासाला घातक असतो, म्हणून मोकळी हवा आणि मास्क हवाच.