तळघराच्या भिंतीचे वॉटरप्रूफिंग : एका फसवणुकीची हकीकत

आमच्या जुन्या घराच्या तळघरातील उत्तरेकडच्या भिंतीला लोणा (ओलीमुळे फुटणारा पांढरा क्षार) लागला होता, गिलाव्याचे पोपडे सुटत होते आणि जिन्याच्या बाजूला एक उभी भेग दिसू लागली होती. यावर कायमचा इलाज करून देतो असे सांगून वॉटरप्रूफिंगची कामे घेणाऱ्या एका ठेकेदाराने आमच्याकडून 1,42,000 रुपये नेले. भिंतीत त्याने जे केले, ते पुढे गिलावा काढल्यावर सर्वांनी पाहिले. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. मात्र ज्या पद्धतीने हे काम विकले जाते ती पद्धत एकट्या त्याची नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील आमच्या नात्यागोत्यात चौकशी केली तेव्हा जवळपास याच शब्दांत, याच यंत्रासह गळ्यात मारलेली कामे ऐकायला मिळाली.

आमचे गाव बोरी नदीच्या काठचे. घराला जोत्यापर्यंत काळ्या दगडाची, चुना आणि मातीच्या दर्जांची (दगडांमधल्या सांध्यांची) जाड भिंत असून वर पक्क्या विटांचे बांधकाम आहे. पूर्वी तळघरात धान्य आणि कापूस ठेवत. अलीकडे तेथे बियाण्याची पोती आणि घरातील अडगळ असते. उत्तरेला शेजाऱ्यांचे घर आणि मध्ये हातभर रुंदीची बोळ आहे. खालची जमीन काळी आहे. काळ्या मातीचे वागणे खानदेशात कोणाला सांगायला नको: वैशाखात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस लागला की ती फुगते. तळघराच्या बाबतीत याचा अर्थ असा की उन्हाळ्यात माती आक्रसून भिंतीपासून सुटते, मध्ये फट राहते, पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्या फटीतून थेट पायापर्यंत उतरते आणि नंतर फुगलेली माती भिंतीला आत रेटते. म्हणून येथे तळघराच्या भिंतीची खरी परीक्षा जून-जुलैत होते. ठेकेदार आमच्याकडे आला तो मे महिन्यात.

मोबाइलवर आलेली जाहिरात पाहून थोरल्या बंधूंनी फोन केला होता. पाहणी मोफत होती. दोन माणसे आली, त्यांच्यापैकी एकाच्या हातात दोन सुया असलेले छोटे यंत्र होते. लोण्याने पांढऱ्या झालेल्या भागावर त्याने त्या सुया टेकवल्या, तेव्हा लाल दिवा लागला आणि पडद्यावर मोठा आकडा आला. "दादा, भिंत आतून पाणी प्यायली आहे, हा पावसाळा ती काढेल असे वाटत नाही," असे त्याने आईच्या देखत सांगितले. आई ऐंशीच्या घरात आहे आणि तिची झोपण्याची खोली त्याच भिंतीवर येते. त्या वाक्याचा घरात काय परिणाम झाला असेल याची कल्पना वाचकांना येईल.

त्या यंत्राबद्दल आधी सांगतो, कारण सगळा व्यवहार त्याच्यावर उभा होता. हे सुयांचे मीटर दोन टोकांमधून वीज किती सहज जाते एवढेच मोजते. त्याच्यावरचे आकडे मुख्यतः लाकडासाठी बसवलेले असतात; दगड-विटांच्या भिंतीवर आलेला आकडा म्हणजे पाण्याची टक्केवारी नव्हे. त्यातच लोणा म्हणजे क्षार, आणि क्षारांमुळे वीज अधिक सहज वाहते, त्यामुळे भिंतीत नाममात्र ओलावा असला तरी दिवा लाल होतो. पुढे आमच्याकडे आलेल्या स्थापत्य अभियंत्यांनी त्यांच्याजवळचे असेच मीटर वरच्या जिन्यातील भिंतीला लावून दाखवले. ती भिंत हाताला खडखडीत कोरडी लागते, फक्त तिला जुना लोणा आहे. तेथेही लाल दिवाच लागला. मीटर निरुपयोगी नाही. एकाच भिंतीवर वरपासून खालपर्यंत नोंदी घेऊन ओल कोठे वाढते हे पाहण्यासाठी अभियंतेही ते वापरतात. एका जागी टेकवून भाव सांगण्याचे ते साधन नव्हे, इतकेच.

ठेकेदाराचा प्रस्ताव छापील होता. भेगेत आणि दर्जांत दाबाने पॉलियुरेथेन ही पाणी अडवणारी राळ भरणे, त्यावर क्रिस्टलाइन (छिद्रांत स्फटिक वाढून ती बुजवणारा) लेप, त्यावर वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा आणि दहा वर्षांची वॉरंटी. सवलतीचा दर त्याच दिवसापुरता होता आणि निम्मी रक्कम आगाऊ हवी होती. गावातील आमचे नेहमीचे मिस्तरी त्या वेळी तेथे होते. त्यांनी भिंत हाताने चाचपली, बोळीत डोकावून आले आणि म्हणाले, "भाऊ, पानी कथाइन ई ऱ्हायनं ते पहिले देखा, मंग भीत फोडा." ठेकेदाराचा माणूस हसला आणि ही नवी टेक्नॉलॉजी आहे, मिस्तरींना तिची माहिती नसते, असे म्हणाला. पाणी कोठून येते हा प्रश्न त्याने स्वतः एकदाही विचारला नव्हता. तो बोळीत गेला नाही, छपरावर गेला नाही, न्हाणीघर कोणत्या बाजूला आहे हेही त्याने पाहिले नाही.

काम पाहताना मात्र भारदस्त वाटले. भिंतीवर ओळीने भोके पाडून त्यांत धातूच्या टोकाची निपले (राळ आत सोडण्याच्या छोट्या नळ्या) बसवली, छोटा पंप लावला, नामांकित कंपनीचे डबे अंगणात मांडले. डबे आणले तेव्हाच त्यांची झाकणे उघडलेली होती. भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोदून बुजवली, करड्या रंगाचा लेप दिला आणि घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा गिलावा केला. मे महिन्यातील खानदेशी उन्हात कोणतीही भिंत कोरडी दिसणारच. उरलेली रक्कम काम संपले त्याच दिवशी घेतली गेली.

जुलैत पाणी आले. पूर्वी भिंत ओलसर होत असे, आता तळाशी गिलावा आणि फरशी यांच्या सांध्यातून पाणी झिरपू लागले आणि नव्या गिलाव्याच्या वरच्या कडेला, म्हणजे आधी कोरड्या असलेल्या भागात, लोण्याची नवी रेघ उमटली. ठेकेदाराला छायाचित्रे पाठवली. त्याचे उत्तर असे की ही ओल बाहेरच्या बाजूची आहे, वॉरंटी आतल्या बाजूची आहे, आणि बाहेरून सबंध भिंत पायापर्यंत उघडी करून लेप द्यायचा असेल तर आणखी 60,000 रुपये लागतील. भर पावसात जुन्या दगडी भिंतीच्या कडेने सलग चर खणण्याचा हा सल्ला पैशांच्या नुकसानीपेक्षाही भयंकर होता, कारण पायाला धरून ठेवणारी माती एकदम काढली तर अशी भिंत सरकू शकते. असे खोदकाम करावेच लागले तर ते कोरड्या दिवसांत, थोड्या थोड्या लांबीच्या टप्प्यांत आणि आधार देऊन करतात. आम्ही नकार दिला, त्यानंतर त्याने फोन घेणे बंद केले.

मिस्तरींनी गिलावा काढायला घेतला तेव्हा निपले हातात निघून आली. एकही भोक दगडापर्यंत पोहोचलेले नव्हते. गिलाव्याच्या जाडीइतके, फार तर बोटाच्या एका पेराएवढे खोल पाडून त्यात निपल सिमेंटने चिकटवलेले होते. काही निपलांची तोंडे आतून बंदच होती. पंपाने जे भरले असे सांगितले गेले ते भिंतीत शिरायला वाटच नव्हती. अभियंत्यांचे म्हणणे असे की भोके खोल असती तरी उपयोग मर्यादितच होता. दाबाने राळ भरण्याची पद्धत मुख्यतः काँक्रीटसाठी आहे: कोरडी, स्थिर भेग पुन्हा सांधायची असेल तर इपॉक्सी आणि पाणी गळणारी भेग बंद करायची असेल तर पॉलियुरेथेन. माती-चुन्याच्या दर्जांच्या दगडी भिंतीत आत असंख्य पोकळ्या असतात, तेथे ही महागडी राळ कोठे जाते याचा ठावठिकाणा राहत नाही.

या अभियंत्यांची फी ठेकेदाराच्या बयाण्याच्या दहाव्या भागाइतकीही नव्हती. त्यांनी सर्वप्रथम काहीच फोडले नाही. उघड्या भिंतीवर दोन ठिकाणी हातभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस तसाच ठेवला. प्लॅस्टिकच्या आपल्याकडच्या बाजूला दव जमले तर ती खोलीच्या हवेतील वाफ, आणि भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आहे. पावसाळ्यात दमट हवा थंड तळघरात शिरून भिंतीवर पाझरते आणि अनेक जण तिलाच गळती समजतात. आमच्याकडे एका तुकड्यावर दोन्ही बाजूंनी पाणी होते, दुसऱ्यावर फक्त भिंतीकडून. भेगेवर त्यांनी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली, शेजारी तारीख लिहिली आणि भेगेची टोके पेन्सिलीने खुणावली. काच तडकली किंवा भेग खुणेपुढे गेली तर भिंत अजून हलते आहे. मग वरून ओळंबा सोडून भिंत मध्ये फुगली आहे का ते मोजले. तळघराच्या भिंतीला मध्यउंचीवर आडवी भेग असेल आणि तेथेच पोट आले असेल, तर ती मातीच्या रेट्याची खूण असते आणि तेथे विलंब करू नये. पायऱ्यांसारखी तिरकी चढत जाणारी भेग बहुधा पाया एका बाजूने खचल्याचे सांगते. आमची उभी भेग दगडी भिंत आणि नंतर बांधलेली विटांची आडभिंत यांच्या सांध्यावरची निघाली. ओळंबा सरळ होता, काच पावसाळाभर शाबूत राहिली. "हा पावसाळा काढणार नाही" असे जिला म्हटले होते, त्या भिंतीला बांधणीच्या दृष्टीने काहीही झालेले नव्हते.

पाण्याचा शोध रंगाने लागला. न्हाणीच्या मोरीत रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग कालवून बादल्या ओतल्या आणि दुसऱ्या दिवशी तळघराच्या कोपऱ्यात गुलाबी ओघळ दिसला. मोरीचा जुना चिनी मातीचा पाइप बोळीखाली सांध्यात तुटला होता. त्याच्या जोडीला छपराच्या पन्हळीचा पाइप भिंतीच्या बुडाशीच संपत होता आणि बोळीची फरशी खचून तिचा उतार आमच्याच भिंतीकडे झाला होता. मिस्तरी बोळीत डोकावून आले होते ते हेच पाहायला.

दुरुस्ती त्यामुळे बाहेर झाली. मोरीचा पाइप बदलला, पन्हळीचे पाणी बोळीच्या तोंडाशी असलेल्या गटारापर्यंत नेले, शेजाऱ्यांच्या संमतीने फरशी उखडून भिंतीपासून दूर उतार दिला. उकरलेल्या जागी तीच काळी माती परत न भरता मुरूम भरून ठोकला. अभियंत्यांनी त्या मातीची फुगण्याची चाचणी करून घेतली होती: चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन काचेच्या नळ्यांत, एकीत रॉकेल आणि दुसरीत पाणी. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि दोन्हींतील फरकावरून ती किती घातक ते कळते. आतून भिंत उघडीच ठेवली. लोणा पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकला, कारण धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. दगडी भिंत साधारण इंचाला एक महिना या हिशेबाने सुकते असे धरतात, म्हणजे आमच्यासारख्या जाड भिंतीला वर्षाहून अधिक काळ लागणार. त्यानंतर सिमेंटचा नव्हे, चुना-सुरखीचा (चुना आणि विटांच्या भुकटीचा) गिलावा करायचा आहे. सिमेंटच्या घट्ट थराने भिंतीचा श्वास कोंडतो आणि ओल वर चढत जाते. नव्या गिलाव्याच्या वरच्या कडेला उमटलेल्या रेघेचे कारण हेच होते. आतून लावलेल्या कोणत्याही लेपाला पाणी मागून ढकलत असते, म्हणून बाहेरचे पाणी न अडवता आतून दिलेली हमी कागदापुरतीच राहते.

तक्रारीच्या कामात जे उपयोगी पडले तेही नोंदवतो. ठेकेदाराने दिलेल्या बिलावरील जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होत नव्हता. पंधरा अक्षर-अंकांच्या या क्रमांकातील पहिले दोन आकडे राज्याचे असतात आणि महाराष्ट्राचा संकेतांक 27 आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला तेव्हा तो परराज्यातील, बांधकामाशी संबंध नसलेल्या एका व्यवसायाचा निघाला. ही तपासणी कोणालाही विनामूल्य आणि बयाणा देण्यापूर्वी करता येते. वॉरंटीच्या कागदावर फक्त मोबाइल क्रमांक होता, पत्ता नव्हता, आणि वॉरंटी कोणत्या भिंतीची, किती क्षेत्राची, पाणी आल्यास काय करणार, याचा उल्लेख नव्हता. सुदैवाने बंधूंनी दोन्ही वेळा पैसे बँकेतून पाठवले होते, त्यामुळे खातेदाराचे नाव हाती आले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आधी नोंद केली, नंतर खातेदाराला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली आणि उत्तर न आल्याने 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करावी लागते आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. सोबत पावत्या, जुलैतील छायाचित्रे, अभियंत्यांचा सहीचा अहवाल आणि गिलाव्यातून निघालेली निपले जोडली आहेत. गिलावा काढण्यापूर्वी ठेकेदाराला तारीख कळवून हजर राहण्याविषयी लेखी सूचना दिली होती आणि ते काम दोन शेजाऱ्यांच्या सह्यांच्या पंचनाम्यासह केले. असे केले नसते तर निपले आमच्याच घरातील कशावरून, हा प्रश्न त्याच्या बाजूने पहिलाच आला असता. त्याचे लेखी म्हणणे अजून दाखल झालेले नाही.