टेल मी युवर ड्रीम्स: पंचवीस वर्षांनी परत वाचलं आणि चार जणांना वाचायला दिलं

सिडनी शेल्डन या अमेरिकन थ्रिलर लेखकाचं हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं अकरावीत. फूटपाथवरून घेतलेली पायरेटेड कॉपी, कागद इतका पातळ की पुढच्या पानावरचा खून मागच्या पानावरूनच दिसायचा, आणि मधली सोळा पानं चक्क उलटी बाइंड झालेली. तरी एका रात्रीत संपवलं होतं, दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीची युनिट टेस्ट असताना. तेव्हा डोक्यात राहिलं ते फक्त "अय्या, म्हणजे तिघी एकच!" एवढंच. आता चाळिशी ओलांडल्यावर परत वाचलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, चार जणांना वाचायला दिलं, आणि खरं सांगायचं तर पुस्तकापेक्षा त्या चौघांच्या रिअ‍ॅक्शनच जास्त लक्षात राहिल्यात.

स्पॉयलर येणारेत, भरपूर. पुस्तक १९९८चं आहे, इतक्या जुन्या पुस्तकाचा सस्पेन्स अजून जपायचा असेल तर इथेच थांबा. शेवटचं पान मात्र मी फोडणार नाही, तेवढी माणुसकी आहे.

तर गोष्ट अशी. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला, म्हणजे ॲपलवाल्यांच्या गावात, तीन मुली एकाच कॉम्प्युटर कंपनीत कामाला आहेत. ॲशली पॅटरसन एकदम साधी, घाबरट, कायम वाटतंय कुणीतरी मागावर आहे. टोनी प्रेस्कॉट लंडनची, तोंडाळ, गाणारी, पुरुषांना खेळवणारी. अलेट पीटर्स रोमची, चित्रं काढणारी, लाजाळू. आणि यांच्या आसपासचे पुरुष एकेक करून मरायला लागतात, नुसते भोसकून नाही, पुढचं मला लिहवत नाही. पहिला भाग हा असा धावतो की चहा गार होतो. मग कळतं की तिघी म्हणजे एकट्या ॲशलीतलीच तीन व्यक्तिमत्त्वं, आणि खुनांचा आरोप तिच्यावर येतो. दुसऱ्या भागात कोर्ट. डेव्हिड सिंगर नावाचा वकील ॲशलीची केस घेतो, कारण तिच्या बापाने, जो मोठा हार्ट सर्जन आहे, कधीकाळी त्याच्या आईचा जीव वाचवलेला असतो. तिसरा भाग मनोरुग्णालयात. तिथे डॉक्टर केलर संमोहनाने एकेकीला बोलावतो आणि लहानपणी बापाने केलेला अत्याचार बाहेर येतो, जो ॲशलीला अजिबात आठवत नसतो कारण तो सगळा टोनी आणि अलेट सांभाळून बसलेल्या असतात.

आता रिअ‍ॅक्शन.

ऑफिसमधल्या सहकाऱ्याने दोन दिवसांत परत आणून दिलं, "एक नंबर, ट्विस्ट भारी, कोर्टाचा भाग थोडा खेचलाय." बास. बापाबद्दल एक शब्द नाही. मी मुद्दाम विचारलं तर म्हणाला, "हां ते आहे ना, कारण म्हणून." मला राग आला पण नंतर वाटलं, त्याचं काय चुकलं, पुस्तकात ते खरंच कारण म्हणूनच येतं. शेल्डन आधी सिनेमा-टीव्हीचा लेखक, पटकथेचं ऑस्कर मिळालेला माणूस, कादंबऱ्यांकडे वळला पन्नाशीनंतर, त्यामुळे प्रत्येक प्रकरण असं संपतं की आता ब्रेकमध्ये जाहिरात लागेल. अशा लेखकाच्या हातात एका लहान मुलीवरचा अत्याचार म्हणजे किल्ली झाली, कुलूप उघडलं की किल्लीचं काम संपलं. मी अकरावीत तसंच वाचलं होतं की.

धाकट्या जावेने तिसऱ्या भागात सोडलं. का ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही, पुस्तक परत आलं तेव्हा ज्या पानावर सोडलं तिथे बँकेची पावती खूण म्हणून तशीच होती.

माझी एक मैत्रीण शाळेत काउन्सेलर आहे, तिने मात्र पुस्तकाची सालटीच काढली. म्हणाली, संमोहनाचे सीन बघ, डॉक्टर बोलावतो, आठवणी येतात, त्या पण लंडन रोम सकट, अगदी क्रमाने, जसा काही पेनड्राइव्ह लावलाय. आठवण अशी नसते. मग तिने एलिझाबेथ लोफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा प्रयोग सांगितला, १९९५ साली प्रसिद्ध झालेला. २४ मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी सांगितल्या, तीन घरच्यांकडून घेतलेल्या खऱ्या आणि एक बनवलेली, की तू पाच वर्षांचा असताना मॉलमध्ये हरवला होतास. साधारण पाव लोकांना ती न घडलेली गोष्ट पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. आणि जिथे हे पुस्तक घडतं त्याच भागात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठीच, खरा खटलाही झालेला. १९६९ मध्ये एका आठ वर्षांच्या मुलीचा खून, वीस वर्षांनी आरोपीची स्वतःची मुलगी म्हणाली की मला आता आठवलं, मी बघितलं होतं बाबांना. १९९० मध्ये जॉर्ज फ्रँकलिन दोषी ठरला, १९९५ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. लोफ्टसबाई तिथे बचाव पक्षाकडून साक्षीला होत्या. म्हणजे शेल्डन लिहीत होता तेव्हा हा वाद अमेरिकेत चांगलाच पेटलेला होता, आणि कादंबरीतला डॉक्टर मात्र निवांत, त्याला शंका म्हणून शिवत नाही. एकाच माणसात अनेक व्यक्तिमत्त्वं असण्याच्या या आजाराचं नावसुद्धा १९९४ मध्ये बदलून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर झालं होतं, पुस्तक आपलं मल्टिपल पर्सनॅलिटीच म्हणत राहतं. असो, कादंबरी आहे.

मी म्हटलं, म्हणजे असं सगळं खोटंच असतं का? तर ती जवळजवळ ओरडलीच. "अगं खोटं नाही! माझ्याकडे येणाऱ्या पोरींना सगळं आठवत असतं. शर्टाचा रंग पण आठवत असतो. फक्त कुणी विचारलेलं नसतं." केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने २००७ मध्ये तेरा राज्यांत केलेल्या पाहणीत ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं होतं, महाराष्ट्र पण त्यात होता, आणि बहुतेकांनी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. करणारे निम्मे तरी ओळखीचे, विश्वासातले. मला पुस्तकातली खरी गफलत तेव्हा कळली. इथे बाईला काही आठवत नाही आणि मग ती खून करत सुटते, हे वाचायला जितकं थरारक आहे तितकंच सोयीचंही आहे, कारण आजूबाजूच्यांना काही दिसलं होतं का, हा प्रश्न कुणाला पडतच नाही. आणि ज्या बाईवर अत्याचार झाला तिचीच आपल्याला भीती वाटायला लागते, हे तर फारच वाईट.

चौथ्या वाचक शेजारच्या काकू, वय चौऱ्याहत्तर. यांना मी मराठी अनुवाद आणून दिला. यांचं म्हणणं सगळ्यात वेगळं. "हे तर अंगात येण्यासारखंच की गं." त्यांच्या माहेरी एक बाई होत्या, नवरात्रात देवी यायची अंगात, त्या नऊ दिवसांत सासूला, दिराला, नवऱ्याला जे तोंडात येईल ते बोलायच्या, आणि सगळे हात जोडून ऐकून घ्यायचे. दसऱ्याला विचारलं तर म्हणायच्या मला काहीच आठवत नाही बाई. मी विचारलं, खरंच आठवत नसेल का हो काकू? काकूंनी चष्मा पुसला. "आठवत असणार की. पण आठवतं म्हटलं असतं तर घरात राहू दिलं असतं का?"

मार्क द्यायचेच तर पाचपैकी तीन, तेही पहिल्या भागासाठी आणि त्या शेवटच्या पानासाठी, ते आजही टरकवतं. प्रवासात वाचायला उत्तम, पण कुणाला भेट देताना जरा विचार करून द्या.

काकूंना मात्र शेल्डनची चटक लागलीये. परवा जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, त्याचं दुसरं एखादं आण, खून कितीही असू देत, फक्त त्यात बाप नको.