माळढोकाच्या नावाने गिधाड

आम्ही सोलापूरचे. बाबांनी तरुणपणी नान्नजच्या माळावर माळढोक पाहिलाय, आता तिथे तो दिसणं मुश्किलच. म्हणून डिसेंबरात जैसलमेरला गेलो. किल्ला, हवेल्या, उंट आमच्यासाठी, बाबांसाठी माळढोक. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे तो.

हॉटेलच्या दारातच एजंटाने गाठलं. सम गावच्या वाळूत उंटावरची रपेट, रात्री मांगणियार लोककलाकारांसोबत बसून स्वतः खडताल (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वाजवायचं, आणि सकाळी डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये जीप. माणशी साडेतीन हजार. वर 'फॉरेस्टचं परमिट' माणशी 900, तेही आत्ताच, कारण म्हणे उद्याचा कोटा संपतोय. "गोडावण नहीं दिखा तो पैसे वापस." चौघांचे 17,600 मी तिथल्या तिथे यूपीआयने पाठवले. हातात लॅमिनेट केलेली एक चिठ्ठी आली. वाघ-सिंहांचं चित्र, खाली 'परमिट' असा शब्द. माझं नाव नाही, तारीख नाही, गाडीचा नंबर नाही. ते तेव्हा का खटकलं नाही, ते मलाच ठाऊक नाही. वाळवंटातल्या परमिटवर वाघ!

उंट दहा मिनिटांत परत फिरला. मांगणियारांच्या जागी स्पीकरवर रिमिक्स लागलं, खडताल कोणी दाखवलेही नाहीत. इथवर मी हसण्यावारी नेलं.

सकाळी जीप तासभर खडकाळ माळावरून फिरली. ना फाटक लागलं, ना कोणी चिठ्ठी मागितली. एका जागी ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. "वो रहा गोडावण!" लांबवर तपकिरी काहीतरी बसलं होतं. मुलीने मोबाइल झूम केला, मी टाळ्या वाजवायच्या बेतात. बाबांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि शांतपणे म्हणाले, "अरे, हे गिधाड आहे. माळढोक असा कुबड काढून बसत नाही. मान ताठ, पांढरी, डोक्यावर काळी टोपी. लांबूनसुद्धा चाल ओळखू येते." ड्रायव्हरने खांदे उडवले. त्याच्या दृष्टीने पक्षी दाखवून झाला होता, म्हणजे पैसे परत द्यायचा प्रश्नच मिटला.

एजंटाचा फोन त्या दुपारपासून बंद. हॉटेलवाला म्हणाला, "वो हमारा आदमी नहीं."

संध्याकाळी आम्ही पार्कच्या शहरातल्या वन कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि हसला. परवानगी तिथेच मिळते. सोबत ओळखपत्र न्यायचं, आणि शुल्क एजंटाने घेतलं त्याच्या पासंगालाही पुरणारं नाही. हा पार्क 3,162 चौरस किलोमीटर पसरलाय, त्यात गावं आहेत, शेतं आहेत. त्यामुळे कुठल्याही माळावर जीप उभी करून 'हाच पार्क' म्हणता येतं. माळढोकांसाठी राखलेला सुदासरीचा भाग कुंपणाच्या आत आहे, आणि परवान्यावर लिहिलेलं नाव तिथे तपासतात. तुम्ही जाणार असाल तर आधी या कार्यालयात जा, मगच जीप ठरवा. ज्या पावतीवर तुमचं नाव नाही तिच्यासाठी खिशात हात घालू नका.

दुसऱ्या दिवशी खऱ्या परवान्यावर सुदासरीला गेलो. दोन तास थांबलो. चिंकारा दिसले, माळढोक नाही. देशात दीडशेच्या आसपासच उरलेत, कोण हमी देणार? वनरक्षकाने तर आधीच सांगितलं होतं, "दिखेगा या नहीं, पता नहीं." बाबांना ते ऐकून फार बरं वाटलं. मग ते त्याला नान्नजच्या गोष्टी सांगत बसले, आणि गाडीत परतायला आम्हालाच त्यांना दोनदा हाक मारावी लागली.