हसून झालं, आता पावती: मुलांच्या हृदय-शस्त्रक्रियांसाठीचा स्टँड-अप प्रयोग

कोथरूड, रविवार, रात्री साडेनऊ. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांसाठी निधी, सूत्रसंचालक धरून पाच कलाकार, तिकीट ५०० रुपये. विनोदाला चार तारे, आयोजनाला अडीच.

कलाकारांचा क्रम हुशारीने लावलेला. अशा प्रयोगाला पुढे देणगीदार आजी-आजोबा आणि मागे कॉलेजची पोरं असतात. डेटिंगवरचं मटेरियल पहिल्या तीन रांगांत आपटतं. सोसायटीच्या वार्षिक सभेवरचा सेट मात्र दोन्हीकडे चालला, विशेषतः इतिवृत्त वाचणाऱ्या सेक्रेटरीचा आवाज. पुणेरी पाट्या आणि दुकानं बंद ठेवायचं ‘१ ते ४’ पुन्हा निघालेच. त्यावर आता टाळ्यासुद्धा सवयीने पडतात.

घोळ मध्यंतरानंतर. पेशंट मुलांची फिल्म दाखवली आणि दिवे लागता लागता पुढच्या कलाकाराला उभं केलं. लोक डोळे पुसताहेत आणि त्या बिचाऱ्याचा पहिला जोक बिल्डरवर! पाच मिनिटं वाया. फिल्म मध्यंतराच्या अगदी आधी हवी. लोक बाहेर येतात, वड्याच्या रांगेशेजारीच देणगीचं टेबल असतं, हात खिशाकडे तेव्हाच जातो.

सभागृह नाटकासारखं पूर्ण काळोखात ठेवलं होतं. क्राउड वर्क, म्हणजे प्रेक्षकांशी थेट बोलत विनोद, करायचं तर प्रेक्षकांवर थोडा उजेड लागतो, नाहीतर पहिल्या रांगेपलीकडे कलाकाराला कुणी दिसत नाही. क्यूआर कोडही पडद्यावरच. बाल्कनीतून तो स्कॅन होईना, आणि झाला त्यांचं यूपीआय आत रेंज नसल्याने नुसतं फिरत राहिलं. कोड चिठ्ठीवर छापून दारातच वाटावा.

तिकीट म्हणजे देणगी नव्हे. ५०० रुपयांच्या बदल्यात तुम्ही प्रयोग पाहिलात, त्यावर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकरातली, वजावट मागू नका. वेगळी देणगी दिलीत तर मिळते, तीही जुन्या करप्रणालीत असाल तरच, आणि २,००० रुपयांहून मोठी रोख देणगी त्यात धरत नाहीत. पावतीवर पॅन लिहून घ्या, नाहीतर पुढे वजावटीसाठी लागणारं संस्थेचं देणगी प्रमाणपत्र (१०बीई) अडतं. ‘सगळी रक्कम मुलांसाठी’ असं स्टेजवरून सांगितलं. हॉलचं भाडं, साउंड आणि तिकीट ॲपचं कमिशन त्यातूनच गेलं का, हे कुणी बोललं नाही. हिशेब कधी कळणार, ते टेबलावरच विचारा.

त्या टेबलाचं मात्र कौतुक. तिथली मुलगी देणगी मागण्याआधी माहिती देत होती: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, त्यासाठी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना कसं भेटायचं. योजनेबाहेर बहुतेकदा राहतो तो आईवडिलांचा पुण्यातला मुक्काम, प्रवास, नंतरची औषधं. देणगी त्यासाठी म्हणून लिहून देता येते.

पुढच्या वेळी बाल्कनी टाळा, आणि गाडी लावायला अर्धा तास आधी पोहोचा.