चीक की नुसतं सलाईन?

जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेलं बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात गेलं की ठाण्यातल्या कुठल्याही हॉस्पिटलबाहेर आजीचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘लेकरू उपाशीच ठेवलंय का हो?’

जुनी पद्धत तीच. तोंडाने काही नाही, सगळं शिरेतून. कारणही पटण्यासारखं आहे: ऑक्सिजन तुटला की शरीर मेंदू-हृदयाचं रक्त राखतं आणि आतड्याचं तोडतं. अशा दुखावलेल्या आतड्यात दूध घालायला डॉक्टर कचरतात. शिवाय शिरेतून साखर लगेच सावरता येते, घसरलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम भरून काढता येतं. पण नुसत्या १० टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये, प्रथिनं नाहीत, स्निग्धांश नाहीत. ते हवे तर टीपीएन, म्हणजे सगळं पोषण शिरेतून. मग मोठ्या शिरेत लाइन, जंतुसंसर्गाचा धोका आणि फुगणारं बिल.

दुसरा मार्ग, पोटात जाणाऱ्या नळीतून आईचा चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं घट्ट दूध. दिवसाला किलोमागे १० ते २० मिली, म्हणजे ३ किलोच्या बाळाला दर तीन तासांनी सिरिंजमध्ये जेमतेम ४ ते ७ मिली. पोट भरत नाहीच, पण आतडं जागं राहतं. उपचारासाठी ७२ तास ३३-३४ अंशांवर थंड ठेवलेल्या बाळांना असं दूध दिल्याने आतड्याचा गंभीर आजार वाढल्याचं ब्रिटनमधल्या नोंदींत दिसलं नाही.

माझा कौल चिकाला, अर्थात रक्तदाब सावरलेल्या, पोट न फुगलेल्या बाळासाठी. आणि शिरेतलं पोषण तेव्हाही चालूच राहतं. दूध उतरत नसेल तर दूधपेढीबद्दल, म्हणजे इतर आयांनी दान केलेल्या दुधाबद्दल विचारा. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात निघाली, ठाण्याहून लोकलने सरळ. आईच्या हातात दूध काढायचा पंप मात्र पहिल्या काही तासांतच द्या, सिझर झालं असलं तरी.