चाळिसावा वाढदिवस आणि स्टेशनावरचं जेवण

'लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला बायकोला पॅरिसला नेलं आणि जेवायला कुठे घातलं, तर स्टेशनावर!' हे वाक्य ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात आता फिरून झालंय. फिरवणारे आमचे हेच. दौलतगंजातल्या जाऊबाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, पैसे संपले होते का?" तेव्हा त्या जेवणाचं खरं काय ते मीच लिहून टाकते. कुणाला पुढेमागे अशी जागा निवडायची असेल तर उपयोगीही पडेल.

जागेचं नाव ल त्रँ ब्लू, म्हणजे निळी आगगाडी. पॅरिसच्या गार द लियाँ या स्टेशनाच्या पहिल्या मजल्यावर आहे. आणि जाऊबाई, पैसे संपले ते जेवणानंतर.

आधी आमची अडचण सांगते, कारण निवड अडचणीतूनच झाली. मी शाकाहारी, केकमधलं अंडं तेवढं डोळ्यांआड करते. ह्यांना मटणाशिवाय सण वाटत नाही. माझे गुडघे रांगेत उभं राहू देत नाहीत. आणि वाढदिवस २५ जूनला, तर २०२४ साली त्याच दिवशी अंगारकी! जूनमध्ये तिकडे सूर्यच मावळतो रात्री दहाच्या सुमाराला. चतुर्थीचा चंद्र उगवायचा तर मध्यरात्र. उपास सोडायला कुठलं हॉटेल तोवर उघडं राहणार? म्हणून जेवण आदल्या दिवशी, सोमवारी २४ तारखेला करायचं ठरलं. ह्यांचं म्हणणं, गाडी एक दिवस लवकर आली अशी आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

हे रेल्वेतून निवृत्त झालेत. नोकरीची बरीच वर्षं ग्वाल्हेर-श्योपूरच्या छोट्या लाइनीवर गार्ड होते. दोन फूट रुंदीचे रूळ, जवळजवळ २०० किलोमीटर अंतर आणि पोचायला दहा-अकरा तास. टपावर माणसं, आत शेळ्या, आणि ती गाडी सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ करत करत निघालेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता तिथे मोठी लाइन होते आहे. हे सगळं इथे सांगायचं कारण पुढे कळेल.

लेक लियाँला असते. तिने दोन महिने आधीच यादी धाडली. सगळ्यात वर मिशेलिनच्या ताऱ्यांची हॉटेलं. मिशेलिन म्हणजे तीच टायरवाली कंपनी. लोकांनी मोटारी जास्त पळवाव्यात म्हणून १९०० साली तिने एक मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली. तारा मिळतो तो फक्त ताटातल्या पदार्थांना. खोली कशी, खुर्ची कशी, म्हाताऱ्या माणसाला तिथे बसून बरं वाटेल का, याचा त्यात हिशेब नाही. अशा बऱ्याच ठिकाणी छोट्या छोट्या सात-आठ पदार्थांचं जेवण तीन-साडेतीन तास चालतं आणि पुष्कळदा टेबलावरच्या सगळ्यांनी तेच घ्यायचं असतं. ह्यांनी विचारलं, "साडेतीन तास? तेवढ्यात मी कैलारस गाठायचो." तरी लेकीने एका ठिकाणी पत्र पाठवून माझं शाकाहाराचं विचारलं. उत्तर फार अदबीनं आलं: बाईंसाठी आनंदाने मासा करू. ती ओळ मी अजून फोनमध्ये जपून ठेवलीय.

मग सेन नदीतल्या बोटीवरचं जेवण. ऑलिंपिक महिन्यावर आलेलं, नदीकाठी बाकांचे मांडव उभे राहिलेले आणि काचेजवळच्या टेबलाला पैसे वेगळे. नको म्हटलं. जावयाच्या मनात शार्तिए होतं. १८९६ सालची स्वस्त आणि गजबजलेली खानावळ. वेटर हिशेब टेबलावर अंथरलेल्या कागदावरच करतो. पण तिथे आधी जागा राखून ठेवत नाहीत, रांग लावायची. ते आम्ही आदल्या दुपारी, गर्दी नसताना उरकलं. मजा आली, पण चंदेरी नेसून जायची जागा ती नव्हे. शेवटी लेक म्हणाली, ला शापेलला तामिळ लोकांची वस्ती आहे, झकास डोसा मिळतो. ह्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"नाहीतर मग स्टेशनावरचं एक आहे," ती कंटाळून बोलून गेली.

ह्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. ठरलं.

साडेसातचं टेबल होतं. बाहेर लख्ख ऊन. स्टेशनाला घड्याळाचा उंच मनोरा आहे, ६७ मीटरचा. त्याच्याखालून आत शिरायचं. आत चाकांच्या बॅगा, सँडविच खात पळणारे लोक, गाड्यांच्या घोषणा, म्हणजे चारचौघांसारखं स्टेशन. आणि फलाटासमोरच वळणदार दुहेरी जिना वर चढतो. माझ्या गुडघ्यांनी एकदा कुरकुर केली. वर फिरतं दार. त्यातून आत गेलो आणि मी आपसूक पदर सावरला. आमच्या ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये पहिल्यांदा गेले होते तेव्हाही असंच झालं होतं.

ही तुलना उगीच करत नाही. आपण ग्वाल्हेरची माणसं झुंबरांना सहजी दबत नाही. साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं, आणि ती टांगण्याआधी छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले म्हणतात, ही गोष्ट ऐकत लहानाचे मोठे झालोय. पण जयविलासमध्ये दोरीच्या अलीकडून बघायचं असतं. इथे त्याच थाटाच्या सोनेरी नक्षीखाली बसून पाव खायला मिळतो. छतावर, भिंतींवर, कमानींत मिळून ४१ चित्रं आहेत. डोक्यावर पॅरिस, लियाँ आणि मार्सेय ही शहरं, भोवती समुद्र, डोंगर, मोनाको. आधी वाटलं नुसती सजावट असेल. ह्यांनी दोन मिनिटं मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा लाइनीचा नकाशा आहे." खरंच तसंच निघालं. पॅरिस-लियाँ-भूमध्यसागर अशी रेल्वे कंपनी होती. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी तिने हे स्टेशन नव्याने बांधलं, १९०१ साली वर हा भोजनगृहाचा मजला उघडला आणि आपल्या गाड्या कुठे कुठे नेतात ते चितारून घेतलं. जाहिरातच ती, पण केवढ्या दिमाखाची! तेव्हा त्याला नुसतं स्टेशनाचं बुफे म्हणत. निळ्या डब्यांची एक शयनयान गाडी श्रीमंतांना दक्षिणेच्या समुद्राकडे न्यायची, तिचं नाव या जागेला १९६३ साली दिलं. १९७२ पासून हे दालन संरक्षित वारसा आहे.

बसायला जाड चामड्याची बाकं, पाठीला पाठ लावून, आणि डोक्यावर पितळी रॅक, जुन्या फर्स्ट क्लाससारखे. ह्यांनी टोपी काढून तिथे ठेवली आणि निघताना विसरले. (वेटर जिन्यापर्यंत आणून देऊन गेला.) एका बाजूच्या खिडक्यांतून खाली फलाट दिसतात. टेबल मागताना तिकडचंच मागा. एरवी कुणाला त्याचं काय, पण आमच्याकडे प्रत्येक गाडी सुटली की हे मनगटावरचं घड्याळ बघत होते. इथून लियाँ चारशेच्या वर किलोमीटर, टीजीव्ही ही वेगवान गाडी दोन तासांत नेते. "आणि गार्ड काय करतो त्यात?" हे ह्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा वेटरला.

आता जेवण. कार्डावर 'आंत्रे' लिहिलेलं असतं ते सुरुवातीचं. मुख्य पदार्थ 'प्ला'. अमेरिकेत राहून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो, आंत्रे मुख्य समजून मागवतात आणि चार घासांत ताट संपलं की वेटरकडे बघतात. माझ्यासाठी लेकीने आधीच कळवून ठेवलं होतं आणि बसल्यावर पुन्हा सांगितलं: सां व्यांद, सां प्वासों, मांस नको, मासा नको. मी तिला तिसरंही सांगायला लावलं, की रस्सा मांसाच्या पाण्यात शिजवलेला नको. फ्रान्समध्ये नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. भाजीचं सूप म्हणतात त्याच्या मुळाशी हाडांचं पाणी असू शकतं. प्रश्न विचारायला लाजू नये, हे मला शार्तिएच्या दुपारीच कळलं होतं.

मला हिरव्या ॲस्परॅगसचे कोंब आले. आपल्या शतावरीचंच हे भावंड, पण कोवळं आणि गोडसर. लोण्यात परतलेलं, वर बारीक मीठ. हंगाम अगदी सरत आला होता, तरी दाताखाली करकरीत लागत होते. त्यानंतर बटाट्याचं ग्रातँ. पातळ चकत्या दूध-सायीत, लसणाचा आणि जायफळाचा हात लावून भाजलेल्या, वरून तांबूस खरपूस. दिसायला साधं, पण मी चमच्याने कडा खरवडून खाल्ल्या. मीठमिरचीची सवय असलेल्या जिभेला ते सौम्यच. चंदेरीच्या घडीत मी हिरव्या मिरचीच्या ठेच्याची डबी नेली होती हे लेकीला ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगते, उघडली नाही. म्हणजे जेवण चांगलंच असणार.

ह्यांचा मामला वेगळा. इथली खासियत म्हणजे कोकराची भाजलेली तंगडी. चाकांच्या गाड्यावरून टेबलाशी आणतात आणि तुमच्यासमोर सुरीने कापून वाढतात. दोन बाकांमधल्या वाटेने तो चकचकीत गाडा सरकत येताना बघून आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "चांदीची गाडी!"

ग्वाल्हेरकरांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी: जयविलासच्या भोजनदालनात टेबलावर रूळ टाकलेत आणि त्यावर छोटी चांदीची आगगाडी आहे. काचेच्या डब्यांतून मद्य आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरायची आणि कुणी बाटली उचलली की थांबायची. शाळेच्या सहलीत आम्ही सगळ्यात जास्त वेळ तिच्यापाशीच घालवायचो. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांना आगगाड्यांचं वेड. ह्यांची ती छोटी लाइनही त्यांच्याच काळातली. आणि महाराजांनी देह ठेवला तोही इथे पॅरिसमध्येच, १९२५ साली. ही आठवण ह्यांनी मटण वाढून होईपर्यंत राखून ठेवली होती. मग एक क्षण गप्प बसले आणि जेवायला लागले. मटण आतून गुलाबी होतं. आपल्याकडे असं दिलं तर परत चुलीवर ठेवायला सांगू. इथे ह्यांनी दुसऱ्यांदा घेतलं.

गोडाची गंमत तर राहिलीच. लेक गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी बाबा मागवलाय." बाबा ओ रम: हलक्या मऊ पावासारखा केक, पाकात मुरवलेला, त्यावर समोर उभं राहून रम ओततात. ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, गार्डाची शिस्त. लेकीने 'रम'चा खुलासा केला नाही, मीही केला नाही. चाळीस वर्षांत एवढं चालतं. पहिल्या घासाला भुवया वर गेल्या, दुसऱ्याला खाली आल्या. "खोकल्याच्या औषधासारखं आहे," म्हणाले आणि बशी पुसून संपवली. नंतर शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याला ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या बहादुराच्या लाडवांची माहिती हिंदीतून देत होते. ते मान डोलवत होते.

तिघांचं बिल दोनशे सत्तर युरोच्या आसपास झालं. तेव्हाच्या भावाने चोवीस हजार रुपये. स्वस्त मुळीच नाही. नुसतं पोट भरायचं असेल तर याच्या चौथाईत पॅरिसमध्ये छान जेवता येतं. इथे अर्धे पैसे त्या छताचे आहेत आणि ते मला वाजवी वाटले. दोन गोष्टींत वाचवता येतं. पाणी मागताना 'कराफ' म्हणा, नळाचं पाणी सुरईतून फुकट मिळतं. आणि सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, वर टक्केवारीने टिप द्यायची गरज नाही. ह्यांनी टोपीबद्दल पाच युरो ठेवले. जागा मात्र आधी राखून ठेवा. गुडघे दुखत असतील तर जिन्याखेरीज दुसरी वाट आहे का हेही तेव्हाच विचारा, मी विचारलं नाही. पोशाखाचं कुणी काही म्हणत नाही. पाठीवर पिशवी आणि अर्धी चड्डी घातलेलेही होते. पण चंदेरीला तिथे शोभा आली, दोन बायकांनी थांबून कापड विचारलं.

उतरून खाली आलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि आकाशात अजून उजेड रेंगाळत होता. हे फलाटाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. लियाँची एक गाडी आत येत होती. लेक म्हणाली, "बाबा, चला ना." ह्यांनी घड्याळात पाहिलं.

"तीन मिनिटं लेट," म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मनापासून हसले.